ब्रश फेकू दिला नाहीत, त्याबद्दल

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अरे, त्यात काय एवढं’ म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. इथे मला मधेच तोडता येणार नाही.

दाढीचा माझा पहिला ब्रश आठवतोय ना, बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा? डबीवर ‘प्युअर बॅजर’ छापलेलं पाहिलं आणि मी भुललो. शुद्ध म्हणजे उत्तमच असणार! प्युअर ही सगळ्यांत खालची प्रत, तिच्यावर बेस्ट, मग सुपर आणि सगळ्यांत वर सिल्व्हरटिप, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. वर म्हणालात, “या पायऱ्याही ज्याच्या त्याच्या सोयीच्या. नाव वाचू नकोस, केस बघ.”

तोवर मी त्या ब्रशचे पुरते हाल केले होते. उकळत्या पाण्यात भिजवायचो, कढई घासावी तसा गालावर दाबून फिरवायचो आणि ओलाच डबीत कोंबायचो. केस राठ झाले, मधोमध खळगा पडला आणि कुबट वास यायला लागला. फेकायलाच निघालो होतो. तुम्ही तो हातातून काढून घेतलात, खिडकीपाशी नेलात आणि दोन्ही अंगठ्यांनी केस फाकवून दाखवलेत. मुळाशी चुन्यासारखा पांढरट थर होता. क्षाराच्या पाण्यात साबणाचा असा साका धरतो, हे मला ठाऊकच नव्हतं. वाटीभर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पाच मिनिटं तो बुडवलात, मग बोटांनी मुळापर्यंत चोळून धुतलात. पहिलं पाणी अगदी दुधाळ निघालं. चौथ्यांदा ते स्वच्छ आलं, तेव्हा कुठे तुम्ही नळ बंद केलात. केस मऊ झाले. खळगा मात्र आजही आहे, ती माझीच करणी.

उकळत्या पाण्याबद्दल तुम्ही जे बोललात ते चांगलंच लागलं होतं : “केस ते केसच, तुझ्या डोक्यावरच्यासारखे. स्वतःच्या डोक्यावर ओतशील का?” शिवाय त्या उष्णतेने ब्रशच्या मुठीतला, केस धरून ठेवणारा गोंदही सैल होतो म्हणे. आता कोमट पाण्यात मिनिटभर भिजवतो, रंगाऱ्यासारखा हलका फिरवतो, धुतल्यावर केस न पिरगळता हाताने दाबून पाणी काढतो, झटकतो आणि उघड्यावर ठेवतो. उलटा टांगावा की उभा ठेवावा, यावर लोक हिरिरीने भांडतात. तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात : वारा लागला की झालं.

गेल्या महिन्यात धाकट्या भावासाठी ब्रश घेतला. बॅजरच्या केसांमागे एका प्राण्याचा जीव जातो, हे तुम्ही मला स्पष्ट सांगितलं होतंत, म्हणून त्यालाही आधी तेच सांगितलं. नको वाटलं तर सिंथेटिक घे, फेस छान येतो आणि वाळतोही लवकर, असंही म्हटलं. त्याला बॅजरच हवा होता. मग तुमच्यासारखंच केलं : टोकं मनगटावर टेकवून टोचतात का पाहिलं, केस दाबून सोडले. गुच्छाचा व्यास २४ मिलिमीटर आणि मुठीबाहेरची केसांची उंची ५० मिलिमीटर निवडली. त्याच जाडीत उंची वाढली की ब्रश लुळा पडतो, हे तुमचंच वाक्य. तो साबणाची वडी वापरतो, लुळ्या ब्रशने ती नीट घासली जात नाही. पांढरी टोकं मूळचीच की रंग उडवून केलेली, हे काही मला ओळखता आलं नाही. तिथे तुम्हीच हवे होतात.

परवा त्याचा फोन आला : “दादा, याला जनावराचा वास येतोय आणि तीन केसही गळले.” दोन-चारदा फेस काढून धुतलास की वास जाईल आणि सुरुवातीला थोडे केस गळतातच, असं मी ठासून सांगितलं.

बरोबर सांगितलं ना, काका?

तुमचा,
खळगा पडलेल्या ब्रशचा मालक