एवढा बोलतो, मग याला भाषेचा कसला प्रॉब्लेम?

संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत ऑटिझमवर येतं, डिस्लेक्सियावर येतं, मुलांच्या चष्म्यावर तर सारखंच येतं, येऊ दे, पण डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे डीएलडी (मुलाला भाषा समजायला आणि वापरायला कायम अवघड जाणं), हे नाव मी तरी मराठी पेपरात कधी वाचलेलं नाही आणि माझ्याच पोराला तो आहे हे कळेपर्यंत तो नऊ वर्षांचा झाला होता.

तो दुसरीत होता तेव्हाची गोष्ट सांगते. शाळेतून तक्रार आली की यानेच मारामारी केली आणि कबूल पण केलं. बाईंनी विचारलं काय झालं, तर हा म्हणाला "मी त्याला मारलं". झाली शिक्षा. घरी आल्यावर मीही बोलले, आणि मग शर्ट बदलताना बघते तर ओरखडे याच्या पाठीवर! त्याला म्हणायचं होतं "मला त्याने मारलं". मी, मला, त्याने, त्याला यात त्याचा कायम गोंधळ व्हायचा आणि आम्ही सगळे त्याला वेंधळेपणा म्हणायचो.

अजून एक. "दप्तर ठेवण्याआधी वही काढ" म्हटलं की तो आधी दप्तर ठेवणार, मग वही काढणार. कारण शब्द त्याच क्रमाने कानावर पडतात ना, ते 'आधी' त्याच्या हाती लागायचंच नाही. मला वाटायचं मुद्दाम करतो. गणितात बेरीज वजाबाकी झटपट, पण तेच शाब्दिक उदाहरण आलं की पान कोरं. आणि बडबड म्हणाल तर दिवसभर, पण नीट ऐकलं तर निम्म्या वाक्यांत "ते हे असतं ना ते", वस्तूचं नाव नाहीच. म्हणूनच कोणाला शंका आली नाही, कारण आपल्याला वाटतं भाषेचा त्रास म्हणजे बोबडं किंवा तोतरं बोलणं. इथे उच्चार एकदम स्वच्छ होते.

आधी कान तपासायला सांगितलं, ते बरोबरच होतं, तपासल्यावर ऐकू नीट येतं हे कळलं. मग स्पीच थेरपिस्टने त्याला काही अर्थच नसलेले शब्द मागून म्हणायला लावले. दोन अक्षरी जमले, चार अक्षरी आला की गाडी अडली. चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावली, तीत कोणी कोणाला काय केलं तेच लागेना.

आता लोकांच्या सल्ल्यांबद्दल, कारण तिथेच माझी जास्त चिडचिड झाली. घरात दोन भाषा बोलता म्हणून झालं, एक बंद करा. अहो, दोन भाषांमुळे डीएलडी होत नाही, असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. आई बोलत नसेल पोराशी, हे पण ऐकून घेतलं (मी! माझं तोंड बंद असतं कधी?). आणि सगळ्यात गोड सल्ला म्हणजे "काळजी नको, याचा बाप पण उशिराच बोलायला लागला होता". दोन वर्षांचं मूल उशिरा बोललं तर बरीचशी मुलं पुढे भरून काढतात हे खरं आहे, पण डीएलडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे बाप उशिरा बोलला होता हे ऐकून निवांत बसण्यापेक्षा लवकर दाखवून घ्यायला हवं होतं. आम्ही निवांत बसलो.

हे दुर्मिळ असेल असं वाटत असेल तर इंग्लंडमध्ये 2016 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साधारण साडेसात टक्के मुलांमध्ये दुसरं कुठलंही कारण नसताना भाषेची अशी अडचण सापडली. म्हणजे 30 मुलांच्या वर्गात 2. ऑटिझमपेक्षा जास्त, आणि तरी नाव कोणाला माहीत नाही. त्याला एक कारण असं की बरीच वर्षं याला धड एक नावच नव्हतं, प्रत्येक तज्ज्ञाचं वेगळं. डॉरोथी बिशप या ब्रिटिश संशोधिकेच्या पुढाकाराने पन्नासहून जास्त तज्ज्ञांनी चर्चा करून 2017 मध्ये डीएलडी हे नाव सुचवलं तेव्हा कुठे ते रुळायला लागलं. नाव नसेल तर आईबापांनी शोधायचं काय, मी तर "मुलगा लक्ष देत नाही" एवढंच शोधत होते.

हे पूर्ण जात नाही, मोठेपणीही राहतं, पण थेरपीने फरक पडतो, आमच्याकडे पडलाय. शिक्षकांना एकच विनंती, "समजलं का?" विचारू नका, अशी मुलं शंभर टक्के मान डोलावतात. "मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग" म्हणा आणि जरा थांबा, घाई करू नका, मधेच शब्द पुरवू नका.

आणि तुम्हाला विनंती अशी की दरवर्षी ऑक्टोबरमध्ये डीएलडी जागृती दिन असतो, त्याच्या आधी एखादं अर्धं पान द्या, स्पीच थेरपिस्टकडून लिहून घ्या. मोठ्या शब्दांचा लेख नको, मी वर लिहिलंय तसलं घरातलं काहीतरी असू दे.

आपली,
एक वाचक (आणि आई)