ज्यूलिया मॉर्गनचं काँक्रीट

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

साइटवरचा मुकादम तुझ्याऐवजी सोबतच्या मुलाकडे बघून बोलतो, असं तू परवा फोनवर म्हणालीस. तेव्हापासून अमेरिकेची आर्किटेक्ट ज्यूलिया मॉर्गन डोक्यात घोळतेय. तुमच्या अभ्यासक्रमात तिचं नाव नसेल, तर ती अभ्यासक्रमाची उणीव.

1872 साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली ही मुलगी आधी बर्कलीला सिव्हिल इंजिनिअर झाली. मग पॅरिस. तिथल्या एकोल दे बोझार्त या कलाशाळेत वास्तुकलेला मुलींना प्रवेशच नव्हता. परीक्षेला बसू देऊ लागले, तेव्हा पहिल्या दोन खेपांना तिला घेतलं नाही. तिसऱ्यांदा ती तेरावी आली. 1904 मध्ये कॅलिफोर्नियात आर्किटेक्टचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री.

माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात भावतं ते तिचं ओकलंडच्या मिल्स कॉलेजमधलं घंटाघर. 72 फुटी मनोरा, 1904 चा आणि चक्क आरसीसीचा, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा! तिकडे तेव्हा आरसीसी नवखंच होतं. 18 एप्रिल 1906 च्या पहाटे भूकंप झाला, सॅन फ्रान्सिस्को कोसळलं, जळलं. मनोरा जागचा हलला नाही. मग आगीत आतून खाक झालेलं फेअरमाँट हॉटेल पुन्हा उभारायचं काम तिच्याकडे आलं, आणि वर्षभरात हॉटेल सुरू झालं. परांचीवर स्वतः चढून ती काम तपासायची.

पुढे 1919 पासून जवळजवळ तीन दशकं तिने वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या सॅन सिमिऑनच्या महालावर काम केलं. लोक तोच बघायला जातात. मला तो फार भरगच्च वाटतो. तू बर्कलीच्या सेंट जॉन चर्चचे फोटो बघ. पैसा थोडा होता, म्हणून तिने आतून गिलावा केलाच नाही. लाकडी खांब, वासे, छपराच्या कैच्या, सगळं उघडं. छपराचा भार कुठून कुठे उतरतो, ते बसल्या जागी दिसतं. काटकसरीतून इतकं देखणं काम क्वचितच होतं.

सातशेच्या आसपास इमारती बांधल्या तिने. 1957 मध्ये गेली. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेचं सुवर्णपदक तिला मिळालं 2014 मध्ये! त्याआधी एकाही बाईला ते दिलेलं नव्हतं. मला याचा अजून राग येतो.

गुरुवारी स्लॅब आहे ना? आदल्या दिवशी सळया स्वतः मोज, सळयांखालचे कव्हर ब्लॉक सरकलेत का बघ. चूक दिसली तर काँक्रीट ओतू देऊ नकोस. मुकादम काय म्हणाला ते रात्री फोनवर सांग.

तुझी,
आई