सुटाचं काय करायचं

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन मधेच तुटला आणि मी मुद्दामच परत केला नाही. म्हटलं, हे सावकाश लिहायचं प्रकरण आहे. तू विचारलंस, पंचेचाळिशीत सूट शिवावा का, लग्नासाठी नव्हे, कॉलेजात घालून जायला. आणि मी तोंड उघडायच्या आत तूच उत्तर दिलंस: साहेबाचा, म्हणजे गुलामीचा पोशाख, आपल्या हवेत घुसमट, शिवाय लोक हसतील. आधी लोकांचं सांगतो. तुझी खरी भीती तीच आहे, हवेबिवेचं निमित्त आहे.

मी दोन वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा सूट घालतोय. पहिल्या दिवशी जिन्यात तिघं भेटले. एकाने विचारलं, "मुलाखत का?" काकूंनी विचारलं, "कुणाचं रिसेप्शन?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "विमा विकायला लागलास होय रे?" हिंजवडीला ऑफिसात तर टीशर्ट हाच गणवेश. तिथे कुजबुज अशी की मी राजीनामा देतोय. महिनाभर हे चाललं आणि मग आपोआप थांबलं. पुढे एकदा साध्या शर्टात गेलो, तर वॉचमन म्हणाला, "साहेब, बरं नाही का?" बंड्या, लोकांची सवय आपल्या सवयीपेक्षा लवकर बदलते. आपलंच घोडं अडतं. मला स्वतःला सूट अंगावर विसरायला चार महिने लागले.

आणि विसरता येत नसेल तर तो पोशाख नाही, सोंग आहे. आपल्याकडे सूट आयुष्यात एकदा शिवायचा, तोही मानपानाच्या सूटपीसचा. रिसेप्शनला घामाघूम व्हायचं आणि मग डांबराच्या गोळ्यांसह कपाटात पुरायचा. दहा वर्षांनी बाहेर काढला की पोटावर बटण लागत नाही. अशाने सुटाशी ओळख व्हायची कशी?

हवेचं म्हणशील तर एप्रिल-मेमध्ये मीही घालत नाही. पावसाळ्यात तर स्कूटरवर सूट म्हणजे लोकरीचा लगदाच. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्याची सकाळ सुटासाठीच असते. कोट उलटा करून, अस्तर बाहेर ठेवून सॅकमध्ये घालतो आणि पोचल्यावर चढवतो. बाकीचे महिने पातळ, मोकळ्या विणीची लोकर किंवा लिनन, पाठीला अर्धंच अस्तर. घुसमट लोकरीने होत नाही रे, पॉलिएस्टरने होते. लग्नात आपण जे घालून शिजलो ते बहुतेक टेरी-रेयॉन होतं, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं कापड.

आता शिंपी मास्तरांबद्दल. कॅम्पात एका बोळात त्यांचं दुकान आहे, बाहेर पाटी नाही. (नाव लिहीत नाही. आल्यावर घेऊन जातो, नाहीतर तू एकटाच जाऊन भलतंच शिवून घेशील.) माझी उंची तुला ठाऊक आहे. रेडीमेड कोटाची बाही माझ्या मनगटाच्या वर चार बोटं संपायची आणि अख्ख्या होस्टेलने मला लंब्या केलं ते त्याच पायी. मास्तरांनी टेप लावायच्या आधी मला दुकानात चार पावलं चालायला लावलं. म्हणाले, "उजवा खांदा खाली आहे, बॅग त्याच बाजूला घेता ना?" चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्याकडून शिकलेलं तेवढं लक्षात ठेव. खांदा आधी बघायचा. कंबर आत घेता येते, बाही कमी करता येते, पण खांदा चुकला की कोट गेला. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेचा घेर, वर हवा, काखेला लागेल असा वाटला तरी चालेल. तो खोल ठेवला की हात उचलताना अख्खा कोट वर येतो आणि माणूस बुजगावण्यासारखा दिसतो. तू फळ्यावर लिहिणारा माणूस, तुला तर हे पहिलं. छातीच्या आत काय घालणार ते विचार. स्वस्तात फ्यूजिंग करतात, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने चिकटवलेलं आतलं कापड. ते पुढे ड्रायक्लीनिंगने सुटू लागलं की कोटाच्या छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे दिसतात. चांगल्या कोटात त्याऐवजी कॅनव्हासचं कापड असतं, ते हाताने टाके घालून बसवतात. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, पण घालता घालता तो तुझ्या छातीचा आकार घेतो. कच्च्या शिलाईची ट्रायल दिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नकोस.

कापडाच्या दुकानात "सुपर १२०, सुपर १५०" ऐकून भुलू नकोस. तो आकडा लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतो, टिकाऊपणा नव्हे. सुपर १०० म्हणजे १८.७५ मायक्रॉनपर्यंतचा तंतू, १२० म्हणजे १७.७५. जितका बारीक, तितका मऊ आणि तितकाच नाजूक. बसच्या सीटवर घासायचं असेल तर शंभर-एकशेदहाच्या पुढे जायचं कारण नाही. एका कोट-पँटीला तुला सव्वातीन मीटर पुरेल, मला पुरत नाही.

हा झाला धंद्याचा भाग. साहेबाच्या पोशाखाचं मात्र मनात राहिलं.

गंमत अशी की हा सूट साहेबाच्या देशातही सुरुवातीला दरबारी नव्हता. एकोणिसाव्या शतकात तिकडे मानाचा पोशाख होता लांब फ्रॉक कोट. एकाच कापडाचा आखूड कोट आणि पँट हे मोकळ्या वेळेचे, फिरायला जायचे कपडे. आणि आपल्या पुण्यातल्या पुढाऱ्यांनी त्याच काळात धोतरावर कोट चढवला, डोक्यावर पगडी ठेवली, खांद्यावर उपरणं टाकलं. गोखल्यांचा फोटो बघ. त्यांना कुणी विचारलं असेल का, हे अर्धं इंग्रजी का म्हणून?

पण मला सांगायचंय ते आमच्या आजोबांचं. तू त्यांना पाहिलंयस, खडकीच्या घरी, खाटेवर. दारूगोळा कारखान्यात होते, ते तुला माहीत आहे. त्यांच्याकडे एकच सूट होता, निळा, कॅम्पात शिवलेला. वडील सांगतात, त्यासाठी त्यांनी दोन वर्षं पैसे साठवले. १४ एप्रिलला भर उन्हात तो घालून खडकीहून स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत चालत जायचे. घामाने मान भिजायची, पण कोट काढायचे नाहीत. लहानपणी मला ते हास्यास्पद वाटायचं, आज लिहितानाही लाज वाटते. कुणी काय नेसायचं, कुठवर नेसायचं, हे ज्यांना गावाने ठरवून दिलं होतं, त्यांच्या घरातला तो माणूस. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, ते कथलाचे दागिने उतरवा. आणि १९३२ साली इथेच, येरवड्याच्या तुरुंगात, करारासाठी दोन माणसं समोरासमोर आली. एक पंचा नेसणारा, एक सूट घालणारा. एकाने कपडे उतरवून जे सांगितलं, दुसऱ्याने ते चढवूनच सांगायला हवं होतं. पंचा तर आमच्या लोकांना आधीपासूनच होता ना.

म्हणून "गुलामीचा पोशाख" म्हणालास तेव्हा मी गप्प झालो. रागावलो नव्हतो. तुझ्या आजोबांनी कोट टाकून खादी घेतली, माझ्या आजोबांनी पैसे साठवून कोट शिवला. दोघांचं बरोबर होतं, आणि ते मला फोनवर मांडता येईना.

मी मात्र काही आजोबांसाठी सूट घालत नाही, उगाच मोठं करून सांगत नाही. मला आवडतो म्हणून घालतो. चार खिसे असतात, सकाळी काय घालू हा प्रश्न नसतो, आणि वाकून बसायची माझी जुनी खोड कोट चालू देत नाही. पण त्यांचा तो निळा कोट मी मास्तरांना दाखवायला नेला होता. त्यांनी अस्तर थोडं उसवून आत बोट घातलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाताचं काम आहे. ज्याने शिवलं त्याने माणूस नीट पाहिला होता." खांदा मला होत नाही, नाहीतर तोच घातला असता.

पैशांचं विचारशील. चांगला एकच शिव, राखाडी. काळा नको, काळा लग्नाचा आणि वाढप्याचा. निळा गडद असेल तर चालेल. तीन स्वस्त शिवण्यापेक्षा एक धड शिवून दोन पँटी घे, पँट आधी झिजते. कॉलेजात टायची गरज नाही. खालचं बटण लावायचं नसतं, तेवढं पाळ. आणि अगदी नकोसा वाटला, तर बंदगळा शिव, पण मग तो मंत्र्यांसारखा दिसतो ही तक्रार माझ्याकडे आणू नकोस.

वहिनींना विचारलंस का? त्यांचं मत माझ्यापेक्षा उपयोगी पडेल, कोटाला इस्त्री घरी करायची नाही हे त्यांनाही सांगून ठेव.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. मास्तर जेवायला जायच्या आत गाठले पाहिजेत. येताना रोजचे बूट घालून ये, चपला नकोत. पँटची लांबी बुटावर ठरते आणि माझे बूट तुला होणार नाहीत.

तुझा,
लंब्या