पहिलं सेशन ठरवण्याआधी

सातारा,
रविवार

चि. मिहिर,
अनेक आशीर्वाद.

तू त्या ऑनलाइन समुपदेशनाच्या ॲपच्या जाहिरातीचा फोटो पाठवलास, ‘पहिलं सेशन ९९ रुपयांत’, आणि खाली एवढंच विचारलंस, ‘हे चालेल का गं?’ तू आपणहून विचारलंस याचं किती बरं वाटलं ते फोनवर मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. मेसेज रात्री पावणेतीनला आला होता. त्याबद्दल काही बोलायचं नाही असं मी ठरवलंय.

ॲप चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा. त्यावर तुझ्याशी बोलणार कोण, ते आधी बघायचं. आपल्याकडे समुपदेशक अशी पाटी कुणीही लावू शकतं. चार आठवड्यांचा कोर्स केलेलाही लावतो आणि रुग्णालयात दोन वर्षं राबून एम.फिल. केलेलाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तिचा सीआरआर नंबर असतो आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तो मागायला संकोचू नकोस. समुपदेशनात एम.ए. करून फार चांगलं काम करणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडे ही नोंदणी नसते, म्हणून त्यांना वगळू नकोस. त्यांना तीन गोष्टी विचार: शिक्षण कुठून घेतलं, तुझ्यासारख्या तक्रारींवर किती काम केलंय आणि सुपरव्हिजन कुणाकडे असतं. सुपरव्हिजन म्हणजे आपल्या केसेसबद्दल वरिष्ठांशी नियमाने बोलणं. जो ते करतो त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

औषध मात्र मानसोपचारतज्ज्ञच देणार, म्हणजे एमबीबीएसच्या पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाहीत. कुणी लिहून देऊ लागलंच तर तिथून उठ.

९९ रुपयांचं म्हणशील तर दुसऱ्या सेशनची फी आधी विचार. पुण्यात किंवा तुझ्या बंगळूरला एका सेशनचे साधारण हजार ते अडीच हजार पडतात, वेळ ४५ ते ५० मिनिटं. दहा सेशन्सचं पॅकेज आधीच भरू नकोस, कितीही सवलत असली तरी. पैसे भरून बसलं की माणूस पटला नाही तरी सोडवत नाही. आणि पटणं फार महत्त्वाचं आहे रे. तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत ‘याला माझं कळतंय’ असं वाटायला लागलं पाहिजे. नसेल वाटत तर तसं तोंडावर सांगायचं. चांगला समुपदेशक वाईट वाटून घेत नाही, दुसरं नाव सुचवतो. दर वेळी तोच माणूस मिळणार की ॲप कुणालाही जोडून देणार, हेही विचारून घे. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायला लागलं तर तू दुसऱ्याच खेपेला बंद करशील. तुझं एकदा बोलणंच मुश्किलीचं. सहावीत हात मोडला तेव्हा दुपारभर दप्तराखाली लपवून बसला होतास, आणि सांगितलंस ते आजीला. आजी असती तर आत्ताही तिलाच पहिला फोन केला असतास, मला माहीत आहे.

रुग्णालयातल्या माझ्या खात्यातली, माझ्या ओळखीतली कुणी घेऊ नकोस. नावं सुचवायला हात शिवशिवतायत, पण तुझं काय चाललंय हे मला चहाच्या टेबलावर कळण्याची शक्यतासुद्धा नको. आणि मी स्वतः तर नाहीच. आईने आईच राहावं.

आता ऑनलाइनचं. तुझ्यासारख्या तक्रारींना, सतत काळजी, कामात लक्ष न लागणं, सकाळी उठावंसं न वाटणं, व्हिडिओवरची सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, समोरासमोरच्या इतकीच उपयोगी पडते. शिवाय तिथे बसून तुला मराठीत बोलणारं कुणी मिळेल ते ऑनलाइनच. इंग्रजीत तू व्यवस्थित बोलतोस, पण चिडतोस मराठीत आणि रडतोसही मराठीत. पुणे, ठाणे, नाशिक, कुठलंही माणूस चालेल. ठाण्याच्या आयपीएचसारख्या (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या जुन्या संस्थांकडे चौकशी कर, ॲपपेक्षा तिथली माणसं कोण आहेत ते कळणं सोपं.

अडचण दुसरीच आहे: तुमच्या फ्लॅटचं दार. मी दिवाळीनंतर आले होते तेव्हा तुझ्या फ्लॅटमेटचा, रोहनचा, फोनवरचा शब्द न् शब्द मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटलं की माणूस हवापाण्याचं बोलतो, चार सेशन्स निघून जातात, आणि मग म्हणतो समुपदेशनाचा उपयोग नाही. तेव्हा वेळ अशी घे की फ्लॅटमधले बाकीचे दोघंही ऑफिसात असतील. इअरफोन लाव आणि दाराबाहेर पंखा सुरू ठेव, त्या घरघरीत बोलणं विरतं. ऑफिसचा लॅपटॉप अजिबात वापरू नकोस. त्यावर कंपनीचं सॉफ्टवेअर असतं आणि ते काय काय बघतं ते तुला माझ्याहून जास्त कळतं. फोन हातात न धरता पुस्तकांना टेकवून ठेव, उजेड समोरून येऊ दे, तुझा चेहरा त्यांना दिसला पाहिजे. स्क्रीनवरची स्वतःची चौकट लपव, नाहीतर तू तुझे केसच बघत बसशील. नेट गेलं तर कोण कुणाला फोन लावणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाक. सेशन संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेव, लगेच मीटिंगमध्ये शिरू नकोस. आतलं उघडं पडलेलं असतं आणि तसंच कामाला जुंपून घेतलं की त्रास वाढतो.

कंपनीकडून काही सेशन्स फुकट मिळतात म्हणालास. घ्यायला हरकत नाही, पण नाव एचआरकडे जातं की फक्त आकडा जातो, हे लेखी विचार. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. जिवाला धोका असेल तेव्हाचे अपवाद आहेत, ते तुला पहिल्या सेशनला समजावून सांगितले पाहिजेत.

आणि या सगळ्याच्या आधी रक्त तपासून घे: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी १२, हिमोग्लोबिन. थायरॉइड माझ्याकडे आहे, मावशीकडे आहे. ते कमी पडलं की नैराश्यासारखंच सगळं होतं, आणि मग माणूस महिनोन्‌महिने मनालाच दोष देत राहतो. दोन आठवडे झोपेची नोंद ठेव, कितीला पडलास, अंदाजे कितीला डोळा लागला, कितीला उठलास. पहिल्या भेटीत तीच पुढे ठेव. पावणेतीन ही वेळ रोजची आहे का, हे त्यातून कळेल. बघ, बोलणार नव्हते.

फार शिकवतेय. वर वाचून पाहिलं तर ओपीडीत बोलते तशीच बोलतेय. रागावू नकोस. पण एक उरलंय आणि ते सोडून पाकीट बंद करता येत नाही.

तुला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरायला देतील, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. एकूण गुण २७, १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. खरं भर. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा, मेलेलं बरं असं वाटण्याबद्दलचा आहे. तिथे बरीच मुलं घाईने शून्य लिहून मोकळी होतात. म्हणून मीच विचारते: तुला तसं वाटतं का? कधी वाटलं होतं का? विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही हे मला पक्कं माहीत आहे, तरी हे लिहायला हात तयार नव्हता. उत्तर हो असेल तर ऑनलाइन नको, त्याच दिवशी प्रत्यक्ष जा. तुझ्याकडे बंगळूरला निम्हान्स हे मनोविकारांचं मोठं सरकारी रुग्णालय आहे, तिथे तातडीचा विभाग चोवीस तास उघडा असतो. जाववत नसेल तर १४४१६ फिरव, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, रात्रीही चालतो आणि मराठी निवडता येते. आणि मला उठव. कितीही वाजता.

समुपदेशक तातडीच्या वेळी संपर्क करायचं माणूस विचारतील. तिथे माझं नाव घालू नकोस. मला पोचायला रात्र जाईल. रोहनला विचारून त्याचं घाल, आणि प्रत्येक सेशनला तू कुठे बसला आहेस तो पत्ता त्यांना कळव, ऑनलाइनमध्ये ते विसरतात आणि गरज पडली तर मदत कुठे पाठवायची तेच कळत नाही. तुझ्या मागे आईऐवजी रोहन हे लिहिताना मला जड जातंय. पण तो भिंतीपलीकडे आहे.

तू पहिल्या नोकरीच्या पगारातून बाबांना चष्मा घेऊन दिलास, ताईच्या बाळंतपणात सुट्टी काढून धावलास. घरातलं सगळं तू निभावतोस. मदत मागणंही तू तितकंच नीट करतोयस, आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना जमलं नाही ते. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुझ्यावर.

काय बोललास ते मी विचारणार नाही. फक्त सेशन झालं की ‘झालं’ एवढा मेसेज कर.

तुझी,
आई

ता.क. विम्याची पॉलिसी ताईकडे पाठवलीय, ती शुक्रवारी घेऊन येईल. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं असं कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसींत ओपीडीचा खर्च नसतो. तरी पावत्या ठेव, आणि पावतीवर नोंदणी क्रमांक आहे ना ते बघ.