मनू, प्लेसमेंटला बसतेयस तर आधी हे वाच

प्रिय मनू,

काल तू फोनवर विचारलंस ना की सगळ्या जणी भारी भारी प्रोजेक्ट टाकतायत, एकीने तर एमएलचा (मशीन लर्निंगचा) तयार प्रोजेक्ट विकत घेऊन रेझ्युमेवर चढवलाय, मग मी पण माझा तो मातीचा ओलावा मोजायचा प्रोजेक्ट काढून काहीतरी एआयवालं टाकू का. मी तेव्हा फक्त "नको" म्हटलं आणि फोन ठेवला कारण मीटिंगला बोलावत होते, पण नुसतं नको म्हणून तू ऐकणाऱ्यातली नाहीस म्हणून सविस्तर लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांब वाचायचा तुला कंटाळा येतो माहितीये, तरी वाच.

मी कंपनीतर्फे कॅम्पसला इंटरव्ह्यूच्या पॅनलवर जाते तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते तुम्हाला कोणी सांगत नाही. तुम्हाला वाटतं पॅनलवाले प्रश्नांची यादी घेऊन बसलेत आणि तुम्हाला कुठेतरी अडकवायचंच असं ठरवून आलेत. तसं काही नसतं गं. दिवसाला पंचवीस-तीस मुलं बघायची असतात, तुझा रेझ्युमे आम्ही पहिल्यांदा उघडतो तो तू समोर खुर्चीत बसल्यावरच, आणि दुपारनंतर तर आम्हीच थकलेलो असतो. मग प्रश्न कुठून येणार? त्या एका पानावरून. जे लिहिलंय तेच विचारणार. म्हणजे पेपर तूच काढायचा आणि तूच सोडवायचा, फक्त काढताना जरा विचार कर. पायथन, सी, मॅटलॅब, व्हीएचडीएल, आयओटी, क्लाउड असं सगळं एका ओळीत कोंबलेलं असतं, आणि त्यातलं व्हीएचडीएल, म्हणजे डिजिटल सर्किट लिहायची भाषा, एका प्रॅक्टिकलपुरतं केलेलं असतं हे आम्हाला दुसऱ्या प्रश्नाला कळतं. माझं साधं माप आहे, ज्या शब्दावर तू दहा मिनिटं बोलू शकत नाहीस तो शब्द पानावरून उडव. पान रिकामं दिसलं तरी चालेल.

आता विकतच्या प्रोजेक्टचं. तो पोरगा किंवा पोरगी "अ‍ॅक्युरसी ९८ टक्के" असं लिहून येते. मी विचारते डेटा कुठून आणला, ते कॅगल (तयार डेटा मिळणारी साइट) म्हणतात, इथपर्यंत ठीक. मग विचारते की त्यात दोन्ही प्रकारचे नमुने किती किती होते, कारण १०० पैकी ९८ एकाच प्रकारचे असतील तर डोळे झाकून तेच उत्तर देणारा प्रोग्रामही ९८ टक्के बरोबर येतो. इथे शांतता. आणि ती शांतता झाली की पुढची सगळी उत्तरं बरोबर दिली तरी आमच्या मनात शंका राहते की हे तरी स्वतःचं आहे का. त्यामुळे पैसे देऊन शंका विकत घेण्यासारखं आहे ते, नको.

तुझा प्रोजेक्ट तुला साधा वाटतो कारण तू तो हाताने केलास. जरा आठव, पहिल्यांदा तू ते स्वस्तातले दोन दात्यांचे, मातीतून करंट सोडून ओलावा मोजणारे रेझिस्टिव्ह सेन्सर लावलेस आणि काही आठवड्यांत ते हिरवे-काळे पडून रीडिंग भलतीकडे जायला लागलं. तू रडकुंडीला आली होतीस. मग शोधलंस की सतत डीसी करंट गेल्याने ओल्या मातीत इलेक्ट्रोलिसिस होऊन धातू झिजतो, म्हणून आधी फक्त रीडिंग घेताना पॉवर द्यायचं केलंस आणि शेवटी कपॅसिटिव्ह सेन्सरवर गेलीस, ज्यात धातू मातीला टेकत नाही. अगं हे सोनं आहे! आमच्या डिपार्टमेंटला नेमकं असंच माणूस हवं असतं, ज्याचं काहीतरी बिघडलंय आणि ज्याने का बिघडलं ते शोधलंय. पण तू रेझ्युमेवर काय लिहिलंयस तर "स्मार्ट इरिगेशन सिस्टिम युझिंग आयओटी", आणि खाली नेटवरून उचललेलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट. ते काढ आणि लिही की रेझिस्टिव्ह प्रोब गंजला, कारण शोधलं, सेन्सर बदलला. एका ओळीत. बघ त्यावर विचारतात की नाही.

आणि विचारलं की पुढचे प्रश्न साधारण कुठे जातील तेही सांगते, बसून तयार कर. कंट्रोलर बोर्ड म्हणून नोडएमसीयू का घेतलं, आर्डुइनो उनो का नाही? वायफाय आहे म्हणून, हे सगळेच सांगतात. मग मी म्हणेन की नोडएमसीयूवरच्या ईएसपी८२६६ चिपला अ‍ॅनालॉग इनपुट एकच असतो, तुझे सेन्सर तर तीन होते, कसं केलंस? तू एका इनपुटला आळीपाळीने एकेक सेन्सर जोडणारा मल्टिप्लेक्सर लावला होतास ते सांग, आणि चॅनल बदलल्यावर पहिलं रीडिंग का टाकून देत होतीस तेही. एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा म्हणजे ० ते १०२३, मग कोरड्या मातीचा आणि ओल्या मातीचा आकडा किती येत होता आणि तो कसा ठरवलास? तापमान-आर्द्रतेचा डीएचटी११ सेन्सर वापरलाय तर त्याची आर्द्रता साधारण ५ टक्के इकडेतिकडे आणि तापमान २ अंश इकडेतिकडे असू शकतं, मग स्क्रीनवर दशांश चिन्हापुढे दोन आकडे कशाला दाखवलेस? (हे मी तुला तेव्हाच विचारलं होतं आणि तू चिडली होतीस. पॅनलसमोर चिडू नकोस.)

बेसिक्समधे सी पक्कं ठेव. व्होलटाइल कीवर्ड हा आमच्याकडे जवळजवळ ठरलेला प्रश्न आहे, आणि मुलं व्याख्या सांगतात पण इंटरप्टमधे (चालू काम थांबवून मधेच चालणाऱ्या कोडमधे) बदलणारा फ्लॅग मेन लूपमधे वाचताना कंपायलर जुनीच किंमत धरून बसू शकतो हे उदाहरण देत नाहीत. आयटूसीला (चिप्स दोन तारांवर एकमेकींशी बोलतात ती पद्धत) पुल-अप रेझिस्टर का लागतात, तर लाइन ओपन ड्रेन असते, चिप ती फक्त खाली ओढू शकते, वर न्यायला रेझिस्टरच लागतो. बटण दाबल्यावर एकदा दाबलं तरी तीनदा का मोजलं जातं. असले प्रश्न पुस्तकी वाटतात पण हातात सोल्डरिंग गन धरलेल्याला ते लगेच कळतात.

नाही आलं तर? "माहीत नाही" म्हण, पण तिथे थांबू नकोस. म्हण की हे मी केलेलं नाही, पण मला वाटतं असं असावं कारण अमुक अमुक, आणि मोठ्याने विचार कर, कागद मागून घे, डायग्राम काढ. आम्ही बऱ्याचदा मुद्दाम सिलॅबसच्या बाहेरचं विचारतो, उत्तर यावं म्हणून नाही तर माणूस अडल्यावर काय करतो ते बघायला. फेकाफेकी मात्र लगेच पकडली जाते कारण समोरचा तेच काम रोज करत असतो.

अ‍ॅप्टीचं (अ‍ॅप्टिट्यूड टेस्टचं) मी फार सांगत नाही, ते सरावाचंच काम आहे. फक्त सूचना वाच, निगेटिव्ह मार्किंग आहे का आणि सेक्शनप्रमाणे कट-ऑफ आहे का ते बघ, नाहीतर क्वांट्समधे पैकीच्या पैकी मिळवून व्हर्बलमधे उडायचीस. जीडीत (ग्रुप डिस्कशनमधे) जास्त बोलणाऱ्यापेक्षा ज्याचं बोलणं दुसऱ्याच्या मुद्द्याला धरून असतं तो लक्षात राहतो. एम थ्रीच्या (गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या) बॅकलॉगबद्दल विचारलं तर राहिला होता, पुढच्या परीक्षेत सुटला, एवढंच. बहुतेक कंपन्यांचा नियम दहावी-बारावीपासून ६० टक्के आणि चालू बॅकलॉग नको असा असतो, तुझा सुटलाय तर विषय संपला, घरची कारणं देत बसू नकोस. एचआरमधे "माझा वीकनेस म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे" हे कृपया बोलू नकोस, सकाळपासून दहा जणांनी बोललेलं असतं. आणि लग्नाचा वगैरे विषय काढला कोणी, अजून काढतात, तर शांतपणे "त्याचा माझ्या कामावर परिणाम होणार नाही" म्हणून पुढे जायचं.

आता तुझा खरा प्रश्न, कोअर (म्हणजे आपल्या शाखेतलं काम) की आयटी. तुमच्या कॉलेजला एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत, फक्त ड्रीम (जास्त पॅकेजवाल्या) कंपनीला सूट, आणि मास रिक्रूटर, म्हणजे घाऊक भरती करणाऱ्या आयटी कंपन्या, सगळ्यात आधी येतात. म्हणजे निवड तुला आधी करायला लावतात आणि पर्याय नंतर दाखवतात. टीपीओंना (कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरना) आत्ताच जाऊन विचार की ड्रीम धरायला पॅकेज किती लागतं, आणि मागच्या वर्षी एम्बेडेडवाल्या (यंत्रातल्या चिपचं सर्किट-प्रोग्राम करणाऱ्या) कोणत्या कंपन्या आल्या होत्या, कोणत्या महिन्यात. सीनिअर्सना पण विचार. कोअरच्या जागा मोजक्या असतात हे खरं आहे, म्हणून पहिली आयटी कंपनी सोड असं मी सांगणार नाही. आयटीत गेलीस तरी काही बिघडत नाही, त्यांना शाखेचं पडलेलं नसतं, इन्फोसिसचं म्हैसूरचं ट्रेनिंग सेंटर त्यासाठीच आहे, तिथे सिव्हिल-मेकॅनिकलची मुलंही कोडिंग शिकतात. पण तुला ते सर्किट जळल्यावर कारण शोधण्यात जी मजा येते ती मी बघितलीये, म्हणून माझं मत विचारशील तर ऑफर हातात असली तरी ऑफ कॅम्पस एम्बेडेडला अर्ज करणं थांबवू नकोस. बाबांचं मत वेगळं आहे, त्यांना लवकर "प्लेस झाली" असं सगळ्यांना सांगायचंय, त्यांचं ते बघून घेतील.

पॅकेजचा आकडा ऐकून हुरळू नकोस. समज ४.५ लाख सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, आहे. तू बाराने भागून महिना ३७,५०० धरशील. पण त्यात ३० हजार व्हेरिएबल असेल, ते कंपनीचं आणि तुझं वर्ष कसं गेलं त्यावर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८०० म्हणजे वर्षाला २१,६००, तोही सीटीसीतच धरतात. बेसिक निम्मं असेल तर ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी साधारण १०,८००, जी कायम नोकरीत सलग ५ वर्षं काढल्याशिवाय हातात पडत नाही. इन्शुरन्सचे पाच-सहा हजार. उरले ते बाराने भागले की ३२ हजारांच्या आत येतं, त्यातून तुझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००, तो महाराष्ट्रात बायकांना २५ हजार पगारापर्यंत माफ आहे पण तू त्याच्या वर जातेस. म्हणजे हातात ३० हजारांच्या जरा खालीच. वाईट नाही, पण ३७,५०० धरून रूम भाड्याने घेतलीस तर पंचाईत. म्हणून दोन ऑफरची तुलना करताना फिक्स्ड किती तेवढं बघ, जॉइनिंग बोनस आणि रिटेन्शन बोनस पहिल्या वर्षाच्या आकड्यात घुसवलेले असतात ते वजा कर.

बॉण्ड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) असेल तर किती महिने, किती रक्कम, आणि ट्रेनिंगमधे त्यांनीच काढून टाकलं तरी लागू आहे का, हे तीन प्रश्न. "बॉण्ड कोर्टात टिकत नाही" असं सीनिअर्स बिनधास्त सांगतात, त्यावर जाऊ नकोस, २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या केसमधे ३ वर्षांच्या आधी नोकरी सोडल्यास २ लाख भरायची अट योग्य ठरवलीये. प्रत्येक बॉण्ड तसाच टिकेल असं नाही, पण सही करताना पाळायचाच आहे असं धरून कर. ओरिजिनल मार्कशीट मात्र कोणी ठेवून घ्यायला मागितल्या तर द्यायच्या नाहीत, दाखवायच्या आणि परत घ्यायच्या.

आणि एक, लेटर ऑफ इंटेंट (तुला घ्यायचा विचार आहे एवढंच सांगणारं पत्र) म्हणजे ऑफर लेटर नव्हे. त्यात बहुतेक वेळा जॉइनिंगची तारीख नसते, आणि मार्केट थंड असलं की कंपन्या मुलांना महिनोन् महिने लटकवून ठेवतात, त्यामुळे ते लेटर आलं म्हणून लगेच बाकी अर्ज बंद करू नकोस.

रेझ्युमे रविवारपर्यंत बदलून मला मेल कर, वर्डमधे पाठव म्हणजे मला त्यात खुणा करता येतील. रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर पाऊण तास मी पॅनल होते आणि तू कॅन्डिडेट, आई म्हणून दयामाया नाही, आधीच सांगून ठेवतेय. ते मल्टिप्लेक्सरचं सर्किट कागदावर काढून ठेव, पिन नंबर पाठ नसले तरी चालतील.

तुझी,
आई