चुकलेला जॉब झाकायला शिकवू नका

संपादक महोदय,

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आणि घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत मला एकच प्रश्न येऊ लागला : ‘ताई, पोराला विमानाच्या कामात घालायचंय, कुठला कोर्स करू?’ मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं असेंब्ली आणि टेस्टिंगला आहे. विमानांना, रॉकेटांना लागणारे व्हॉल्व्ह आम्ही जोडतो आणि तपासतो. शिक्षण म्हणाल तर आयटीआय, फिटर ट्रेड. त्यामुळे कोर्सचं नाव मी लगेच सांगते; काळजी वाटते ती तिथे लागणाऱ्या एका सवयीची.

आयटीआयत मेल-फिमेल फिटिंगच्या जॉबला, म्हणजे दोन तुकडे एकमेकांत तंतोतंत बसवायच्या प्रात्यक्षिकाला, माझ्या हातून कानस जास्त चालली आणि फट राहिली. सर म्हणाले, ‘कडेला पंच मार, धातू पसरतो, फट बुजते.’ मारला. पास झाले. वर्गात बहुतेकांनी तेच केलं होतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लॉकवायर करायचे. नट ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्या भोकांतून बारीक तार ओवून पीळ द्यायचा. ओढ आवळण्याच्याच दिशेने हवी. कापलेलं प्रत्येक टोक डबीत टाकायचं आणि शिफ्ट संपताना मोजायचं. एका संध्याकाळी सात टोकं कापली होती, डबीत सहा निघाली. बाकीच्या मुली निघाल्या होत्या. कोणाला कळलंही नसतं. पाच मिनिटं मी तशीच उभी राहिले, मग सुपरवायझरना जाऊन सांगितलं.

त्या दिवशी जोडलेले तिन्ही व्हॉल्व्ह उघडले. रात्री साडेदहाला तार सापडली, माझ्या एप्रनच्या दुमडीत. पण व्हॉल्व्ह उघडले की काम पहिल्यापासून : ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या कड्या) नव्या, टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं) पुन्हा, पाण्याच्या दाबाची टेस्ट पुन्हा आणि शेवटी हेलियम. जिथून पाण्याचा थेंब येत नाही तिथूनही हेलियम निसटतो, म्हणून बारीक गळती त्यानेच पकडतात. दीड दिवस गेला. सुपरवायझर एका शब्दाने रागावले नाहीत. झालं ते सगळं रूट कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदपत्रकावर, लिहिलं आणि माझी सही घेतली.

पुढे १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० या रॉकेटचं उड्डाण फसलं, ईओएस-०३ उपग्रह गेला. द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीवरच्या व्हेंट अँड रिलीफ (जादा दाब सोडणाऱ्या) व्हॉल्व्हमधून गळती, असं इस्रोच्या समितीने कारण दिलं. सील खराब व्हायच्या शक्यता तीन : व्हॉल्व्हची उघडझाप, आत गेलेला कचरा किंवा बसवताना आलेला ताण. तो व्हॉल्व्ह आमचा नव्हता. तरी ‘कचरा’ वाचलं आणि मला एप्रनमधली ती तार आठवली.

म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या आयटीआय चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पंच मारून फट बुजवणाऱ्याचे गुण कापा. ‘माझ्याकडून दोन दशांश मिलिमीटर जास्त घासलं गेलं’ असं जर्नलमध्ये लिहिणाऱ्याला ते द्या. वर्कशॉपमध्ये एक कॅलिब्रेट केलेला टॉर्क रेंच ठेवा, आणि हवा भरून, पाण्यात बुडवून बुडबुडे बघायची एक टाकी. खर्च फार नाही. लॉकवायर शिकवायला कोणी नसेल, तर महिन्यातून एकदा माझ्या साप्ताहिक सुट्टीला मी येईन. तार आणि पक्कड माझी.

– एक टेस्ट टेक्निशियन, घणसोली, नवी मुंबई