सुमे, पिशवीची घाई नको

लेस्टर, रविवार रात्र

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू म्हणालीस डॉक्टर म्हणतात गर्भाची पिशवी काढून टाकू, कटकटच संपेल, आणि तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला नि तू एकदम कुरडयांवर आलीस, ते कळलं मला. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं पण तुझा फोन पोरांच्या हातात असतो. म्हणून हे पत्र, वाचून झालं की फाडून टाक.

आधी माझं सांगते. मला पाळी जायच्या वेळचं हे सगळं ४७ ला सुरू झालं, आता पन्नाशी आली. पाळी कधी पंधरा दिवसांत तर कधी दोन महिने पत्ता नाही, त्याचं काही नाही गं, पण रात्री तीनला छातीतून वाफ उठायची ती कानापर्यंत, गाऊन पिळून काढावा एवढा घाम आणि लगेच हुडहुडी. मागच्या जानेवारीत बाहेर बर्फ आणि मी मागच्या दारात अनवाणी उभी, ह्यांना वाटलं बाईला झपाटलं. ते हीटिंग वाढवणार, मी बंद करणार, त्यावरून आमचं इतकं वाजलं की लेक म्हणाली तुम्ही दोन घरं घ्या.

वाफांपेक्षा डोक्याचं जास्त लागलं मला. शाळेच्या किचनमध्ये एकदा झारा मागायचा होता आणि शब्दच आठवेना, ना मराठी ना इंग्लिश, हाताने खुणा करत उभी राहिले आणि नंतर स्टोअररूममध्ये जाऊन रडले, कशासाठी तेही माहीत नाही.

पहिल्या डॉक्टरने फोनवर पाच मिनिटं बोलून डिप्रेशनच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसरी बाई भेटली ती भली, म्हणाली ४५ च्या पुढे लक्षणांवरूनच कळतं, रक्त तपासायची गरज नाही. इस्ट्रोजेन कमी होतं तसं मेंदूतलं तापमान सांभाळणारं यंत्र बिघडतं, जरा उकडलं तरी त्याला आग लागल्यासारखं वाटतं. कमरेखाली लावायचा पॅच दिला, आठवड्यातून दोनदा बदलायचा, आणि पिशवी आहे म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनची गोळी, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत राहतं. ब्रेस्ट कॅन्सरची मला भीती होतीच, तर म्हणाली धोका थोडा वाढतो, घरात कुणाला होता का, ते सगळं विचारून मग दिलं. २०२३ पासून इथे या औषधांचा वर्षाचा एक पास मिळतो, साधारण वीस पौंडात, म्हणून परवडतंय. महिन्याभरात झोप लागायला लागली. सांधे अजून दुखतात पण.

आता आईचं आठव. चाळिशीत तिची पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. आपण शाळेतून यायचो तर ती माजघरात फरशीवर पदर बाजूला टाकून पडलेली, पाणी दे म्हटलं तरी अंगावर यायची, आणि आपण तिघी म्हणायचो आई खडूस झाली. अगं तिचं जे दहा वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका दिवसात केलं होतं, आणि कुणी एक गोळी दिली नाही की एक शब्द सांगितला नाही. मग बासष्टीत बाथरूममध्ये साधी घसरली आणि खुबा मोडला. हाडं ठिसूळ व्हायला तेही कारण असणार, असं मला आता वाटतं.

२०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी आली तेव्हा आपण हळहळलो. पाळीत खाडा पडला की मुकादमाचा दंड, तो नको म्हणून काढायच्या बिचाऱ्या. तुला कुठला मुकादम आहे गं?

काढूच नको असं नाही म्हणत मी. गाठ मोठी असेल, रक्त फार जात असेल तर करावंही लागतं. पण सोलापूरला दुसऱ्या डॉक्टरला दाखव. गाठ केवढी, कुठे, हार्मोनवाली तांबी बसवून अंगावरचं कमी होईल का, आणि काढलीच तर अंडाशयं ठेवणार का, हे चार प्रश्न कागदावर लिहून ने, नाहीतर तिथे गेलं की आपण नुसती मान डोलावतो. हिमोग्लोबिन आधी कर. भाऊजींना सोबत ने, पैशाचं मी बघते, त्यावर वाद नको.

सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो बुधवारपर्यंत पाठव, दुपारी पोरं क्लासला गेली की.

ह्यांनी आत्ताच परत हीटिंग वाढवलं, बंद करून येते.

तुझी
ताई